पावागढ : चढण, उतरण आणि मागे फिरणे



मार्च २०२४ मध्ये आपल्या शाळेची आठवी पावागढ पायी चढायला गेली होती. त्या दिवशी एक मुलगी माचीच्या वर, भर उन्हात पायऱ्यांवर बसली आणि उठेना. आम्ही बरोबरचे शिक्षक तिला म्हणालो, "अगं, एवढंच तर राहिलंय, चल." एकदा नाही, दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही, कारण तिला उलटी झाली. आमच्यापैकी दोघी तिला सावकाश माचीपर्यंत खाली घेऊन आल्या. एका दुकानाच्या सावलीत तिला निजवले, ओल्या टॉवेलने अंग पुसले, घोटघोट पाणी पाजले. तासाभरात ती उठून बसली आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत हसूही लागली. पण तो एक तास आम्हाला फार मोठा गेला.

नंतर पालकांची पत्रे आली. एकाने लिहिले, "मुलीला चालवत नव्हते, तरी तुम्ही तिला पुढे ढकलत होतात." ते खरे होते. दुसऱ्याने लिहिले, "एक मूल थकले म्हणून सगळ्यांचे पदभ्रमण बंद करू नका." तेही आम्हाला पटत होते. विश्वस्त मंडळाच्या सभेत प्रश्न निघाला, की असे उपक्रम शाळेने करावेत का, आणि करायचे तर कसे? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच काही नव्याने शिकावे लागले. ते सर्वांना समजावे म्हणून हा लेख. त्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.

गड आपल्या ओळखीचा

वडोदऱ्याच्या माणसाला पावागढाची ओळख करून द्यायला नको. शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर, सपाट मुलखातून एकदम वर आलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. पायथ्याशी चांपानेर, मधे माची, वर कालिकामातेचे देऊळ. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने हा गड घेतला आणि चांपानेरला राजधानी वसवली. पुढे गड शिंद्यांकडे होता आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. २००४ पासून चांपानेर-पावागढचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

माचीपर्यंत गाडी जाते आणि तिथून वर रोपवे आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी गड पाहिलेला असतो, पण पायथ्यापासून पायी चढलेला नसतो. आमचीही गफलत इथेच झाली. "पावागढ ना, किती वेळा गेलोय!" असे म्हणत आम्ही गेलो. रोपवेने दहा वेळा गेले तरी पायांना त्याची ओळख होत नाही, हे लक्षात आले नाही.

निघण्याआधी करायचे गणित

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला. तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि जितका चढ असेल त्यातल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा.

आता आपला गड घेऊ. वाट सहा किलोमीटरची धरू, म्हणजे एक तास बारा मिनिटे. चढ हिशेबाला सोपा म्हणून ६०० मीटर धरू (प्रत्यक्षात तो थोडा जास्तच भरतो), म्हणजे आणखी एक तास. झाले दोन तास बारा मिनिटे. पण नेस्मिथचा आडाखा सराईत, सशक्त माणसासाठी आहे. मुलांचा गट, पहिलीच वेळ, मधे थांबणे, पाणी पिणे हे धरून त्याची दीडपट करावी. म्हणजे जवळपास सव्वातीन तास.

त्या रविवारी बस उशिरा आली, वाटेत नाश्त्याला वेळ गेला आणि आम्ही पायथ्यापासून चालायला लागलो साडेनऊ वाजता. साडेनऊ अधिक सव्वातीन म्हणजे पाऊण. मार्चचे ऊन, दुपारचे बारा आणि गडाचा सगळ्यात उभा भाग, तिन्ही एकत्र येणार हे कागदावर पाच मिनिटांत दिसले असते. आम्ही कागदच घेतला नव्हता. मुलगी बसली ती साडेअकराच्या सुमारास. दोष तिच्या पायांचा नव्हता, आमच्या घड्याळाचा होता.

चढताना उष्णता कुठून येते?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत सोडवून पाहावे. पाठीवरच्या पिशवीसह ४० किलो वजन ६०० मीटर वर न्यायचे आहे. लागणारी ऊर्जा म्हणजे ४० × ९.८ × ६०० = २,३५,२०० ज्यूल, म्हणजे साधारण ५६ किलोकॅलरी. वाटते, एवढेच? एका पोळीहूनही कमी!

पण आपले स्नायू फारसे काटकसरी नाहीत. खाल्लेल्या अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा ते कामाला लावतात. उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात. म्हणजे ५६ किलोकॅलरीचे काम करायला सुमारे २२५ खर्च होतात आणि त्यातल्या जवळपास १७० नुसत्या उष्णतेत जातात. हा झाला फक्त वर चढण्याचा हिशेब. सहा किलोमीटर चालण्याची आणि वरून तापणाऱ्या उन्हाची उष्णता वेगळीच.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. 'वाळला तर' हे शब्द महत्त्वाचे. जो घाम टपटप गळून जातो, त्याने पाणी जाते पण गारवा मिळत नाही. म्हणून घट्ट नायलॉनच्या टी-शर्टापेक्षा सैल, हलका कपडा बरा आणि वारा लागेल अशा सावलीत थांबलेले बरे.

दुसरी गोष्ट अशी की गारवा मिळावा म्हणून शरीर रक्त कातडीकडे पाठवते, आणि त्याच वेळी पायांचे स्नायूही रक्त मागत असतात. घामाने अंगातले पाणी कमी झालेले असते. एकाच टाकीवर दोन नळ पूर्ण उघडावेत आणि टाकीही निम्मी व्हावी, तसे होते. मग डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय गळून जातात. त्या मुलीला हेच झाले होते. याला उष्णतेचा थकवा म्हणतात. तो आळस नाही, नाटक नाही आणि मनाचा कमकुवतपणा तर नाहीच.

अशा वेळी काय करायचे ते पाठ करून ठेवावे. चालणे ताबडतोब थांबवावे, सावलीत निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत द्यावे. पण मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. तिथे घरगुती उपायांवर विसंबू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतून, वारा घालून अंग गार करत राहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

पाय उतरताना का दुखतात?

त्या दिवशी वर गेलेली मुले दुपारी हसत-खिदळत उतरली. सोमवारी मात्र निम्मा वर्ग जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी आडवे पाऊल टाकत येत होता. "सर, चढताना काही झालं नाही, उतरल्यावर कसे पाय दुखले?" हा प्रश्न आम्हाला किमान दहा जणांनी विचारला.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि तरीही जोर लावून धरतो, नाहीतर आपण गडगडत खाली जाऊ. विहिरीतून बादली ओढण्यापेक्षा भरलेली बादली दोर हळूहळू सोडत खाली पोहोचवताना हात कसे सोलवटतात, तसे हे ब्रेक लावण्याचे काम आहे. अशा ताणात स्नायूंच्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येताना सूज येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे सर्वांत जास्त असते. 'लॅक्टिक आम्ल साठले म्हणून दुखते' असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. आम्हीही वर्गात सांगितले आहे. पण ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरातच रक्तातून जवळपास नाहीसे होते. सोमवारच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

यातली आनंदाची गोष्ट पुढे आहे. एकदा असे दुखून बरे झाले, की त्याच स्नायूला तसेच काम काही आठवड्यांत पुन्हा दिले तर दुखणे बरेच कमी होते. म्हणजे शरीर धडा लक्षात ठेवते. मात्र तो धडा उतरणीचाच हवा. मैदानावर पळण्याचा सराव करून गड उतरण्याची तयारी होत नाही.

तालमीतली रीत

हे नवे शास्त्र आहे असे वाटत असेल, तर आपल्याच गावाकडे पाहू. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रा. माणिकराव यांचे हे गाव. दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' याच बडोद्यातून निघाला. इथल्या तालमीत नव्या मुलाला पहिल्या दिवशी मल्लखांबावर अवघड उड्या मारायला कोणी सांगितले नाही. आधी खांबाची ओळख, मग साधी पकड, मग साधी उडी, आणि ती बसली की पुढची. आदल्या दिवशीपेक्षा थोडेसे जास्त, पण थोडेसेच. उस्तादाची नजर मुलाच्या श्वासावर असायची. 'आज बास' म्हटले की मूल खाली उतरायचे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

भीतीचेही तसेच आहे. आमच्या गटात एका मुलाला कड्याच्या बाजूने चालताना घाम फुटायचा. त्याला "घाबरतोस काय, मुलगा ना तू?" म्हणून काही उपयोग होत नाही, उलट तो भीती लपवायला शिकतो आणि लपवलेली भीती डोंगरावर धोक्याची. तो आधी आतल्या बाजूने, शिक्षकांच्या मागे चालला. मग थोडा बाहेरून. तिथे उभे राहून काहीही वाईट घडत नाही, हे त्याच्या मनाला अनुभवानेच कळले. दहा व्याख्यानांनी ते कळले नसते.

जानेवारीतली फेरी

हे सगळे समजून घेतल्यावर विश्वस्तांनी आम्हाला आणखी एक संधी दिली, पण अटी घालून. तयारी चार आठवड्यांची हवी, वेळापत्रक लेखी हवे आणि मागे फिरण्याची वेळ आधी ठरलेली हवी. त्या अटींबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

डिसेंबर २०२४ पासून आठवड्यातून तीन दिवस शाळा भरण्याआधी जिना सुरू झाला. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या, मग आठ, मग बारा, आणि शेवटच्या आठवड्यात पाठीवर पुस्तकांची पिशवी. उतरताना पळायचे नाही, उडी मारायची नाही, प्रत्येक पायरीवर पाऊल पूर्ण टेकवायचे. रविवारी कमाटीबागेत तासभर चालणे. काही आजी-आजोबाही येऊ लागले आणि खरे सांगायचे तर चालण्यात त्यांनी आम्हाला मागे टाकले.

जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला बस सुटली आणि सात वाजता आम्ही पायथ्यापासून चालायला लागलो. आता नववीत असलेली ती मुलगीही आली होती. आम्ही तिला आग्रह केला नव्हता. नाव तिने स्वतःच दिले. सगळ्यात सावकाश चालणाऱ्या मुलांना पुढे ठेवले, म्हणजे गटाचा वेग त्यांचा राहिला. चढताना चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा नियम. बोलता येईना, तर वेग जास्त झाला असे समजायचे. दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटांचा थांबा आणि पाच-सहा घोट पाणी. माचीवर थेपले, सुखडी आणि मीठ-जिरे घातलेली छाश. परत फिरण्याची वेळ साडेअकरा. तोपर्यंत जिथे असू तिथून मागे, मग देऊळ शंभर पावलांवर का असेना.

सव्वादहाला ती मुलगी वर पोहोचली. देवळासमोर उभी राहून ती कितीतरी वेळ खालचा मुलूख पाहत होती. "सर, मागच्या वेळी मी बसले ती जागा आज लक्षातच आली नाही," ती म्हणाली.

पण आम्हाला त्या दिवशी जास्त समाधान दुसऱ्याच गोष्टीने दिले. आपल्या शाळेचा धावण्यातला एक पटाईत मुलगा माचीच्या वर थोडे गेल्यावर थांबला. आदल्या आठवड्यात सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला होता आणि तो पुन्हा दुखू लागला होता. कोणी विचारण्याआधीच तो म्हणाला, "मी इथून मागे जातो. उतरायला गुडघा शिल्लक ठेवला पाहिजे." त्याला कोणी चिडवले नाही. दोन मित्र "आम्ही याच्याबरोबर थांबतो" म्हणाले आणि एका शिक्षकांबरोबर तिघे माचीवर बसून राहिले. मार्चमध्ये आम्ही मोठ्या माणसांनी जे करायला हवे होते, ते जानेवारीत मुलांनी केले.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

शाळेने असे उपक्रम करावेत का, या प्रश्नाला आमचे उत्तर 'होय' असे आहे. मुलाला आपल्या शरीराची भाषा समजणे, 'आणखी थोडे जमेल' आणि 'आता पुरे' यांतला फरक ओळखता येणे, हे शिक्षण वर्गात देता येत नाही. पण ते देताना शिक्षकांनीही गृहपाठ केला पाहिजे. पायी चढणाऱ्या प्रत्येक गटासाठी आम्ही आता हे नियम पक्के केले आहेत.

१. पायी पदभ्रमण नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. परीक्षेमुळे तारीख पुढे गेली तर ते रद्द. मार्चवर ढकलायचे नाही.

२. वेळेचा हिशेब लेखी करायचा आणि मागे फिरण्याची वेळ निघण्याआधी मुलांना व पालकांना सांगायची.

३. चार आठवड्यांचा जिन्याचा सराव ज्याने केला, तोच पायी येईल. बाकीच्यांनी माचीपर्यंत गाडीने यावे आणि तिथे आमच्यात सामील व्हावे. यात कमीपणा नाही.

४. दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा चालू असलेले औषध यांची माहिती पालकांनी लेखी द्यावी. ती मुलाला नाकारण्यासाठी नव्हे, सांभाळण्यासाठी हवी असते.

५. "मला थांबायचे आहे" असे मूल म्हणाले की थांबायचे. "एवढंच राहिलंय" हे वाक्य शिक्षकांना बंद.

घरी पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालायला देऊ नयेत. निदान दोन-तीन आठवडे वापरून मऊ झालेले असावेत. आणि मूल परतल्यावर "वरपर्यंत गेलास ना?" असे विचारण्याआधी "कसं वाटलं, काय पाहिलंस?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला उत्तर एकच असते आणि ते देता आले नाही तर मूल गप्प बसते.

येत्या हिवाळ्यात पुन्हा पावागढ ठरवतो आहोत. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी जिन्याचा सराव सुरू होईल. पालकांनी, आजी-आजोबांनी आणि विश्वस्तांनीही यावे. पहिल्या आठवड्यात फक्त पाच फेऱ्या आहेत. मंगळवारी पाय दुखले तर ते का, हे आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे.